दुखण्याला दिलेली दाद

दादा, तुझं ते पोत्याचं वाक्य आता फ्लेक्सवर छापायचं म्हणताहेत. आपल्या मराठी मंडळाचे वसंतराव सकाळी घरी येऊन गेले. साखर कमी घालून चहा प्यायले, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि लगेच खिशातून फोन काढून डिझाइन दाखवायला लागले. डावीकडे शाल पांघरलेला तू, मागे मावळता सूर्य, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तुझं वाक्य, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सरांचं इतकं सुंदर वाक्य दुसरं नाही म्हणाले. त्यांच्या मिसेसने ते केव्हाचं स्टेटसला लावून ठेवलंय. तुझं लग्न नाही, मूलबाळ नाही, तेव्हा परवानगी द्यायला बहीण म्हणून मीच उरले. शालूताई, तुम्ही फक्त हो म्हणा, रविवारच्या सभेला लावून टाकतो. मी म्हटलं, उद्या कळवते. ते गेल्यावर त्यांची कपबशी विसळताना मला राग आला. तो राग कुणावर काढायचा हे कळेना, म्हणून तुझ्याशी बोलतेय.

ते वाक्य तू जसं बोललास तसं आता कुठेच उरलेलं नाही. जो तो आपल्या सोयीने त्यातला एखादा शब्द बदलतो. कुणी पल्लेदाराचा हमाल केलाय, कुणी विडी काढून टाकलीय, कारण श्रद्धांजलीत विडी बरी दिसत नाही. तू म्हणाला होतास ते असं: "हल्ली जिना चढताना दाल बाजारातला कोणी पल्लेदार येतो, पाठीवरचं पोतं माझ्या छातीवर टेकवतो आणि विडी ओढून येतो म्हणून निघून जातो. पूर्वी तो लवकर परतायचा. आता त्याला उशीर होतो."

शनिवारची बैठक होती ती. मंडळाचा हॉल वरच्या मजल्यावर, आणि जिना तुला ठाऊक आहे कसला उभा. तू वर आलास, खुर्चीत बसलास, रुमालाने कपाळ पुसलंस आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिलास. आम्हाला वाटलं तू शांतता निर्माण करतोयस. तशी तुझी सवयच होती, बोलण्याआधी थांबायची. आणि मग तू ते वाक्य म्हणालास. पहिली दाद वसंतरावांची. मग सगळा हॉल वा सर, क्या बात है सर करू लागला. मागच्या खुर्चीवरच्या एका बाईंनी पदराने डोळे टिपले. कुणीतरी पुन्हा एकदा म्हणा म्हणालं, आणि तू पुन्हा एकदा म्हणालास. दुसऱ्यांदा म्हणताना 'उशीर'च्या आधी तू किंचित थांबलास. त्या थांबण्यालाही वेगळी दाद मिळाली.

मी दाराशी चहाचे कप मांडत होते. मी तिथूनच विचारलं, "दादा, छातीत दुखतंय का रे तुझ्या?"

सगळे माझ्याकडे वळले. तू चष्म्यावरून पाहिलंस आणि म्हणालास, "शालू, कवितेची नाडी पाहू नये." हॉल हसला. तूही हसलास. मी चहा दिला. तुझ्या कपात साखर घातली, ढवळली, तुझ्या हातात दिला, आणि तू माझ्याकडे न बघता तो घेतलास.

माझं चुकलं नव्हतं, दादा. हे मला एकदा स्वच्छ म्हणायचं होतं. लोक मेलेल्या माणसाशी बोलताना आपल्याच चुका उगाळत बसतात, मी बसणार नाही. त्या हॉलमध्ये इतकी शिकलेली माणसं होती, त्यांत विचारायला हवा तो प्रश्न एकटीने विचारला होता, आणि तू तिला सगळ्यांच्या देखत अरसिक ठरवलंस.

आपला शनिवारचा तो कारखाना तसा तूच उभा केलेला. आपले आजे-पणजे कुणी कचेरीत, कुणी फौजेत, कुणी देवळात म्हणून दक्षिणेतून इकडे ग्वाल्हेरला आले आणि लष्कर नावाच्या पेठेत राहिले. त्यांची पोरं-नातवंडं आता पुणे, बंगलोर, कॅनडा. उरलेले आम्ही भाजीवाल्याशी हिंदी, मोलकरणीशी हिंदी, फोनवर नातवंडांशी हिंदी बोलतो, आणि शनिवारी संध्याकाळी इस्त्रीची मराठी घालून मंडळात जातो. घरातून निघताना मी स्वतःला 'चल, लवकर निकल' म्हणते आणि हॉलच्या दारात पाऊल टाकलं की 'नमस्कार, कसं काय' सुरू. तू नसतास तर ही बैठक गणपतीच्या वर्गणीपुरती राहिली असती. तू येऊन तिला कविता शिकवलीस. निवृत्त बँकवाले, शाळामास्तर, एक जुने ओव्हरसिअर, सगळे शब्दाची शक्ती म्हणजे काय त्यावर बोलायला लागले. माधवगंजातली माणसं पोहे खाता खाता अभिधा आणि व्यंजनेवर, शब्दाच्या सरळ आणि आडच्या अर्थावर, भांडतात, हे दुसऱ्या गावच्या कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

तुझा पहिला नियम हाच होता, कविता झाली की विचारपूस करायची नाही. कविता वाचणाऱ्याला 'हे खरंच झालं का' असं विचारणं म्हणजे अडाणीपणा. कवितेतलं विधान खरंही नसतं आणि खोटंही नसतं, ते फक्त जिवंत असतं किंवा मेलेलं असतं, असं तू शिकवलंस. आम्ही पाळलं. आपल्या ओव्हरसिअरसाहेबांनी उजव्या डोळ्यात उतरणाऱ्या धुक्यावर कविता वाचल्या, एकामागून एक, सबंध हिवाळा. धुक्याला आम्ही इतकी दाद दिली की तेही नवनवी धुकी आणायला लागले. मग एक दिवस नई सडकेवर ते उभ्या गाईला धडकले आणि कळलं की मोतीबिंदू आहे, तोही पिकलेला. ऑपरेशन झालं आणि कविता बंद पडल्या. आपण सगळे त्यावर किती हसलो, आणि सगळ्यांत जास्त तू. एका चांगल्या कवीला डॉक्टरने संपवलं म्हणालास. तेव्हा मीही हसले होते. त्यात पुढची सूचना होती हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येणार?

आपलं भांडण मात्र त्याच्याही आधीचं. मी टेलिफोनच्या ऑफिसात उभी हयात काढली. इकडचं माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचं आणि मधून बाजूला व्हायचं, हे माझं काम. तू मला चिडवायचास की शालूच्या लेखी भाषा म्हणजे तार. मी म्हणायचे, हो, तारच. निरोप पोचला तर भाषा, नाही तर नुसती खरखर. आणि मग तू सुरू व्हायचास. आजच्या जगात सगळंच बोलणं निरोप झालंय, आणि प्रत्येक निरोपाला तुझ्याकडून काहीतरी हवंय. बँक प्रिय म्हणते, तिला तुझी ठेव हवी. पुढारी माझ्या बंधूंनो म्हणतो, त्याला मत हवं. फोनमधली ती गोड आवाजाची बाई तुमची काळजी वाटते म्हणते, आणि ती तर माणूससुद्धा नाही. प्रेमाचे, काळजीचे, आईचे सगळे शब्द दुकानदारांनी उचलून नेलेत. "कवितेला तुझ्याकडून काही नको असतं, शालू," तू म्हणायचास. "म्हणून हल्लीच्या दिवसात तेवढंच एक बोलणं ऐकण्यालायक उरलंय."

हे तू खरं बोलायचास. मला ते पटायचं आणि पटतं म्हणायला जिवावर यायचं. तू गेल्याच्या दिवशी संध्याकाळी माझ्या फोनवर औषधाच्या कंपनीचा मेसेज आला, तुमच्या कुटुंबाचं आरोग्य हाच आमचा आनंद. तुला दाखवावा असं वाटलं आणि मग आठवलं.

पण एक प्रश्न मी तुला नेहमी विचारायचे आणि त्याचं धड उत्तर तू कधी दिलं नाहीस. कवितेला काही नको असतं हे ठीक. पण ती म्हणणाऱ्या माणसाला हवं असलं तर? तू हात झटकून म्हणायचास, मग त्याने अर्ज लिहावा. लोक हसायचे. तुझ्या विनोदांवर लोक फार लवकर हसायचे, दादा. त्यामुळे तुझी बरीच उत्तरं अर्धी राहिली.

आता मी एवढं कडू बोलतेय, तर दुसरं पण बोलायला हवं, नाहीतर तो अन्याय होईल. माझे हे, श्रीकांत, गेले तेव्हा आमची मृणाल शाळेत होती. घर माणसांनी भरलेलं, आणि जो येईल तो धीर धरा, ईश्वर की मर्जी, मुलीकडे बघा. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण त्यातला एकही शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता, मी, जिने जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले. सगळे गेल्यावर तू स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलास. मग म्हणालास, "शालू, तो गेला, पण त्याचं नसणं इथेच राहायला आलंय. त्याला घरात जागा करून दे, म्हणजे ते अंगावर येणार नाही."

मी खरोखर जागा करून दिली. त्यांची खुर्ची हलवली नाही, त्यांच्या बाजूचा दिवा रोज लावत राहिले, जेवताना त्यांच्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही. लोकांना वाटलं हिचं डोकं फिरलं. पण त्यानेच मी सावरले. तुझं ते वाक्य मला गुण आलेल्या औषधाइतकं लागू पडलं. डॉक्टरला, भटजीला, सासरच्या कुणालाही ते जमलं नसतं, कारण दुःख काय आहे ते त्यांना माहीत होतं, ते कुठे ठेवायचं ते फक्त तुला सांगता आलं. त्या दिवसापासून कविता बिनकामाची असं मी कधी म्हणाले नाही, भांडणातसुद्धा नाही. आणि त्या वाक्याला कुणी वा म्हटलं नव्हतं, दादा, कारण तिथे आपण दोघंच होतो.

तू गेलास त्या सकाळी तुझ्या घरमालकीणबाईंचा फोन आला. "दीदी, जल्दी आइए, सर सीढ़ी पर बैठे हैं, कुछ बोल नहीं रहे." मी आले तेव्हा तू मधल्या पायरीवर बसला होतास, कठड्याला डोकं टेकून, मांडीवर दुधाची पिशवी. तुझे ओठ निळसर पडले होते. मी हाक मारली तर तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे पाहिलंस. काही म्हणशील असं वाटलं. तू म्हणाला नाहीस. रिक्षात तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी सारखी बोल रे, बोल रे करत होते. ज्या माणसाला जन्मभर गप्प बस म्हटलं त्याला मी रस्ताभर बोल म्हणत होते.

दवाखान्यातला डॉक्टर कोवळा पोरगा होता, शेजारच्या भिंडकडच्या बोलीचा. त्याने जे करायचं ते सगळं केलं, आणि मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसला, तेव्हाच मला कळलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, आधी कधी काही तक्रार होती का, त्यांनी काही सांगितलं होतं का. दुखतं असं तू म्हणाला नव्हतास. मग मी त्याला ते वाक्य हिंदीतून सांगितलं. कहते थे, सीढ़ी चढ़ते समय कोई पल्लेदार आता है, छाती पर बोरा टिका देता है और बीड़ी पीने चला जाता है. पहले जल्दी लौटता था, अब देर लगाता है.

तो वा म्हणाला नाही. हातातलं पेन बंद केलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "आंटी, इससे साफ़ कोई क्या बताएगा?" तो म्हणाला. "मरीज़ तो बस इतना बोल पाते हैं कि घबराहट है, गैस है. चढ़ने पर भारीपन, रुकने पर आराम, फिर आराम में भी देर. सब तो बता दिया उन्होंने." आणि मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, फिर आप लोगों ने क्या किया?

काय सांगू त्याला? टाळ्या वाजवल्या? पुन्हा एकदा म्हणा म्हटलं?

तिथे बाकावर बसल्या बसल्या तुझा सगळा सिद्धान्त माझ्यासमोर कोसळला, दादा, आणि तो कोसळताना मला बरं वाटलं नाही. कवितेतलं विधान खरं-खोटं नसतं म्हणे. तुझं वाक्य खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं, रिपोर्टपेक्षा खरं. पोतं खरं, पायरी खरी, उशीर तर सगळ्यांत खरा. तुला जे होत होतं ते इतकं अचूक सांगणारं वाक्य गावातल्या कुठल्याही माणसाला करता आलं नसतं. तू आपल्या सिद्धान्तापेक्षा फार मोठा कवी होतास. आणि ते एकट्या त्या भिंडच्या पोराला कळलं, कारण त्याला तुझी शिकवणी नव्हती.

तूच आम्हाला शिकवायचास ना, की आधी शब्दाचा सरळ अर्थ लागतो, आणि मग त्याच्या आडून दुसरा उमटतो? सरळ अर्थ ही पायरी, तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय वर जाता येत नाही. आम्ही सगळ्यांनी ती पायरी गाळली. छातीवर वजन येतंय हा सरळ अर्थ कुणी घेतलाच नाही. आम्ही थेट वरच्या मजल्यावर. ओव्हरसिअरसाहेबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं की पोतं म्हणजे इतिहासाचं ओझं, आपण इकडे आलेली माणसं वाहतो ते. वसंतराव म्हणाले, पल्लेदार म्हणजे काळ. आणि तू त्या दोघांकडे बघून मान डोलावलीस. छातीत कळ येत असताना इतिहासाच्या ओझ्याला मान डोलावलीस. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

मला वाटत होतं तू लपवलंस. माणसं लपवतात, घाबरवायचं नाही म्हणून, दवाखान्याच्या भीतीने, आळसाने. ते मी समजून घेतलं असतं. पण तुझे तेरा दिवस झाल्यावर अग्रवालजी आले. दाल बाजारातले, ठोक डाळीचे व्यापारी, ज्यांच्याबरोबर तू रोज सकाळी फिरायला जायचास. त्यांना तू फक्त फिरण्यापुरतं ओळखतोस असं मला वाटायचं. ते आले, फोटोला हार घातला, आणि खुर्चीवर बसून रडायला लागले. एवढा भारदस्त माणूस, मला कळेना काय करावं. पाणी दिलं.

मग त्यांनी सांगितलं. मंदिराजवळच्या बाकापर्यंत आलात की तू बसायचास. आणि म्हणायचास, अग्रवाल जी, सीने में दर्द हो रहा है. मुझे डर लगता है.

मी त्यांना पुन्हा विचारलं, दादा असं म्हणायचा? याच शब्दांत? हो म्हणाले, याच शब्दांत, कितीदा तरी. त्यांना तुझी मराठी कविता-बिविता काही ठाऊक नव्हती. तू मास्तर होतास एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी तुला परत परत बजावलं होतं, दिखा लो मास्साब, मेरी गाड़ी ले चलो, आज ही चलो. आणि एकदा त्यांनी तुला विचारलं, घर में बताया कि नहीं?

"कहने लगे, बता दिया है," अग्रवालजी म्हणाले. "भरी सभा में बता दिया, सबने सुना. हमने सोचा, बहन जी को मालूम है तो इलाज चल रहा होगा. इसलिए हम चुप रहे."

भरी सभा में बता दिया. सबने सुना. अग्रवालजी गेल्यावर मी दार लावलं आणि तुला शिव्या घातल्या. तुझ्या फोटोसमोर उभी राहून, मोठ्याने. शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐको.

म्हणजे तुला सांगायचं होतं. तू सांगितलंसच. तो पल्लेदार तू आमच्यासमोर आणून उभा केलास, आणि आम्ही त्याच्या गळ्यात हार घातला. मग मी विचारलं, तेव्हा हो का म्हणाला नाहीस? मी एवढे दिवस हाच विचार करते आहे. मला वाटतं, त्या क्षणी तुझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, सगळ्या हॉलची दाद आणि माझा एक रुक्ष प्रश्न. हो म्हटलं असतंस तर वाक्याची कविता उरली नसती, तक्रार झाली असती. दाद परत करावी लागली असती. ती तुझ्याने सुटली नाही. इतक्या वर्षांत तुला दुसरं मिळालं तरी काय होतं म्हणा. कॉलेजने तुला कधी विचारलं नाही, पुस्तक कुणी छापलं नाही, पुण्याची माणसं ग्वाल्हेरचे का, अरे वा, अजून मराठी बोलता, एवढंच म्हणून पुढे जायची. शनिवारची ती दाद हीच तुझी सगळी मिळकत. हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागते. डर लगता है. ते तुला हिंदीत म्हणता आलं, डाळीच्या व्यापाऱ्याशी, बाकावर बसून. मराठीत म्हणता आलं नाही, बहिणीशी. आपण आपल्या मराठीचं काय करून ठेवलंय, दादा? ती आपण इतकी जपली, इतकी उंच ठेवली, की तिच्यात आता साधं काही म्हणता येत नाही. भाजी, भांडण, आजार, भीती सगळं हिंदीकडे गेलं आणि मराठीकडे उरल्या नुसत्या प्रतिमा. तू म्हणायचास की आजच्या जगात भाषा दुकानदारांनी मारली. आपली मराठी कुणी दुकानदाराने मारली नाही. आपणच तिला शाल पांघरून खुर्चीवर बसवली. ज्या भाषेत माणसाला भीती वाटते असं म्हणता येत नाही, तिच्यात कविता तरी कशावर उभी राहणार? हे भांडण तुझ्याशी करायचं राहिलं. या खेपेला मी जिंकले असते, आणि जिंकून मला काहीही मिळालं नसतं.

दुपारी मी वसंतरावांना फोन केला. म्हटलं, ते वाक्य छापा, माझी हरकत नाही, पण त्याखाली माझी एक ओळ टाका: ही कविता नव्हती, यांच्या छातीत दुखत होतं आणि आपल्यापैकी कुणीही यांना दवाखान्यात नेलं नाही. मग म्हणाले, शालूताई, असं कसं लावता येईल, सभेचा माहौलच खराब होईल, लोकांना बुरा वाटेल. मी म्हटलं, मग नुसता फोटो लावा. बरं म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. चांगला माणूस आहे, तुझ्यावर त्याचा खरोखर जीव होता. पण त्यानेही तुला दाद देऊन देऊनच मारलं, आणि हे त्याला जन्मात कळणार नाही. सभेला मी जाणार नाही. तुझ्याविषयी सुंदर बोलतील ते मला ऐकवणार नाही.

संध्याकाळी मृणालचा इंदूरहून फोन आला. रोजच येतो, रोजचेच प्रश्न असतात, अर्धे मराठी, अर्धे हिंदी. मम्मी, जेवलीस का, दवा घेतली का, ठीक आहेस ना. आणि मी रोज ठीक म्हणते, काय सांगायचं पोरीला तिच्या नोकरीच्या धबडग्यात. या वेळीही ठीक म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं. "ठीक नाहीये. दादाची फार आठवण येते. रात्री झोप लागत नाही. एकटीला घरात भीती वाटते."

मग तिचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. "येते मी, आई." पुष्कळ वर्षांनी तिने मला मम्मी न म्हणता आई म्हटलं. मी नको म्हणत होते, तुझी सुट्टी, तुझं ऑफिस, तोवर तिने फोन ठेवला होता.

आत्ता, दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आतल्या खोलीत झोपली आहे. पहिली मिळेल ती गाडी धरून आली, रिझर्वेशन नव्हतं, बरीच वाट उभ्याने आली. आल्या आल्या काही विचारलं नाही, पिशवी टाकली आणि मला जवळ घेतलं. एका 'नाही'वर पोरगी इंदूरहून निघून आली. मी तर दोन गल्ल्या पलीकडेच होते, दादा.